दोनशे बारा नंबरचा चिरा

राईच्या पायरीवर एकोणीस वस्तू होत्या. माझ्या तीन किल्ल्या आणि त्यांची कडी. माझा चष्मा, कारण त्याच्या बिजागऱ्यांत बारीक स्क्रू आहेत. माझा पट्टा, बकलासकट. माझे दोन बूट, टाचांत खिळे असलेले. आईची छत्री, आईची पोलादी टोकाची काठी, तिच्या ओढणीची सेफ्टी पिन आणि अंबाड्यातून निघालेले सहा आकडे. शिवाय रवळूकाकांचा कोयता आणि अडकित्ता.

"झाला सगळा?" रवळूकाकांनी विचारलं. ते या राईतल्या देवाचे गुरव. "दातात बितात काय बसवलेला नाय मां?"

"दातात सिमेंट आहे," आई म्हणाली.

"मग चलात. आणि ह्या यंत्रात काय असा?"

"यंत्राचा डबा बाहेरच राहणार, काका," मी म्हटलं. "आत जाईल तो बांबू, काचेचा धागा, काचेचा लोलक, तांब्याची तार आणि टोकाला हिरा."

"हिरो? खरो?"

"खरा. मोहरीएवढा."

काकांनी बांबूच्या टोकाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "देवाक हिरो चलता," ते म्हणाले.

खांबोळे गावाच्या डोंगरावर ही राई आहे. देवासाठी राखलेलं जंगल. इथलं झाड तोडत नाहीत, पडलेली फांदी घरी नेत नाहीत आणि लोखंड आत नेत नाहीत. आम्ही इथे एक दगड शोधायला आलो होतो. तो आत असेल, तर मी आईची मुलगी होते. नसेल, तर नव्हते. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कायद्याची स्थिती अगदी एवढीच होती.

*

आमचं राज्य, अपरान्त, चोवीस वर्षांपूर्वी झालं. किनाऱ्यावरचे नऊ तालुके, पंचवीस लाख माणसं, आणि राजधानी कुठे असावी यावरून अजून न मिटलेलं एक भांडण. मी राज्याहून वर्षाने मोठी.

सात वर्षांपूर्वी देशभर ‘पडताळा’ सुरू झाला. त्याआधी कितीतरी खटले केवळ एका प्रश्नावर अडून राहत: अमक्या अधिकाऱ्याला तमका आदेश काढण्याचा अधिकार होता का? पडताळ्याने तो प्रश्न यंत्राकडे सोपवला. हे यंत्र कायद्याचं प्रत्येक वाक्य तर्कशास्त्राच्या विधानात बदलतं. भूमितीत प्रत्येक प्रमेय आधीच्या प्रमेयावर उभं असतं आणि सगळी मिळून थोड्या गृहीतकांवर उभी असतात. इथेही तसंच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापिकेची सही आहे. तिला नेमलं शिक्षण खात्याने, खातं उभं राहिलं राज्याच्या कायद्याने, राज्य झालं संसदेच्या कायद्याने आणि संसद राज्यघटनेने. सगळे दुवे जुळले की दाखला हिरवा दिसतो. एक जरी निसटला, तर त्याच्या खालचं सगळं पिवळं.

जुन्या न्यायाधीशांकडे अशा वेळेसाठी एक उदार रिवाज होता. जो माणूस खुर्चीत बसून लोकांची कामं करत होता, त्याला अधिकार होता असं धरून चालायचं. पडताळ्याच्या कायद्यात हा रिवाज ठेवला नाही. यंत्राला धरून चालता येत नाही.

पहिली काही वर्षं पडताळा फक्त शब्द तपासत असे. गेल्या मार्चपासून तो कायद्यांच्या परिशिष्टांतले आकडेही तपासू लागला, आणि तिसऱ्याच आठवड्यात अपरान्तपाशी येऊन थांबला. आमच्या राज्याच्या कायद्यात लिहिलं आहे की राज्य म्हणजे ‘पहिल्या परिशिष्टातल्या रेषेने वेढलेला प्रदेश’. परिशिष्टात हद्दीचे चारशे एकतीस बिंदू आहेत, आणि समुद्राच्या बाजूला किनारा. यंत्राने ते क्रमाने जोडले. दोनशे बाराव्या बिंदूवर रेषेची दोन टोकं एकमेकांना भेटली नाहीत. मध्ये एकेचाळीस मीटरची फट राहिली. फट असलेली रेषा काहीच वेढत नाही. पडताळ्याने लिहिलं: वेढलेला प्रदेश शून्य.

म्हणजे चोवीस वर्षं पंचवीस लाख माणसं शून्य चौरस मीटरमध्ये राहत होती.

पहिला पंधरवडा लोकांनी नुसते विनोद केले. हवालदाराने शिटी मारली की पोरं विचारायची, कुठल्या राज्याचे तुम्ही? विधानसभेतल्या एका आमदारांनी आपण अस्तित्वात नसल्याच्या निषेधार्थ सभात्याग केला. मग एकेकाचे कागद पिवळे पडायला लागले आणि हसणं कमी झालं.

फट कशी पडली, हे शोधायला वेळ लागला नाही. हद्द दोन पथकांनी मोजली होती. उत्तरेच्या पथकाने समुद्रापासून दोनशे बारापर्यंत, दक्षिणेच्या पथकाने दोनशे बारापासून पुन्हा समुद्रापर्यंत. दोनशे बारा हा बिंदू नेमका खांबोळ्याच्या राईत येत होता. उत्तरेच्या पथकाने राईबाहेर उभं राहून मोजलं आणि त्या बाहेरच्या खुंटीलाच दोनशे बारा नंबर दिला. दक्षिणेच्या पथकाने मोजणी आतल्या दगडापासून धरली. त्यांची नोंद अशी: ‘दोनशे बाराच्या दगडापासून दोनशे तेराच्या दगडापर्यंत ३१८.४२० मीटर.’ एकाच नंबराच्या दोन जागा झाल्या. दोन्ही पथकांतलं आता कोणी हयात नाही, आणि दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच मोजलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने मार्ग दाखवला. मोजणीचा जुना नियम आहे की कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचा दगड यांत भांडण झालं, तर दगड खरा. आतला दगड सापडला, तो नंतर कोणी रोवलेला नाही हे सिद्ध झालं, आणि दोनशे तेरापासूनचं त्याचं अंतर छापील अंतराशी पन्नास मिलिमीटरच्या आत जुळलं, तर फट ही लेखनिकाची चूक ठरेल. राज्य पहिल्या दिवसापासून खरं ठरेल. नाहीतर संसद नवा कायदा करील आणि राज्य त्या तारखेपासून नव्याने सुरू होईल.

नव्याने सुरू झालं तर बिघडलं काय? बहुतेकांचं काहीच नाही. जमिनीचे, पगाराचे, परवान्यांचे जुने आदेश त्याच दिवशी पुन्हा काढता येतील. पण दत्तकाचा आदेश पुन्हा काढायचा, तर त्याच्या अटी आज पूर्ण व्हायला हव्यात. मूल अठरा वर्षांच्या आतलं हवं. मी चार वर्षांची असताना अपरान्तच्या एका जिल्हाधिकाऱ्याने मला स्नेहल धुरी यांची मुलगी केलं. आज मी पंचवीस वर्षांची आहे. मला पुन्हा कोणाची मुलगी होता येत नाही.

अशी आम्ही राज्यात दोनशे नऊजणं होतो.

*

आईला या सगळ्याची फिकीर नव्हती. निदान ती तसं म्हणत असे. ती पशुसंवर्धन खात्यात होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिने आयुष्यभर गाईम्हशींची बाळंतपणं केली आहेत आणि कागदांविषयी तिचं मत तिथेच तयार झालं आहे.

"गाय वासराला चाटायला लागली की झालं," ती म्हणायची. "दाखला नंतर येतो."

मग तिच्या उजव्या गुडघ्याची तारीख मिळाली. सांधा बदलायचा होता. आम्ही इस्पितळात गेलो. खिडकीतल्या मुलीने आईचं नाव घातलं, वय घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"नातं?"

"मुलगी," मी म्हटलं.

तिने घातलं. पडदा पिवळा झाला. तिने पुन्हा घातलं.

"प्रलंबित दाखवतंय. संमतीच्या जागी नाही घेत." ती ओशाळली होती. "मी ‘सोबतची व्यक्ती’ असं घालू का? ते घेतं."

"सोबतची व्यक्ती म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे... सोबत आलेली."

"रिक्षावालापण सोबतच आलाय."

"आई," मी म्हटलं.

"थांब गो. हे बघ बाळा, हिला आणायला मी पहिल्यांदा गेले ना, तेव्हा येताना हिने घाटात तीन वेळा माझ्या अंगावर ओकून ठेवलं. सोबतच्या व्यक्तीने असं केलं असतं, तर मी तिला दुसऱ्या वळणावर उतरवली असती."

"आजी, मी काय करू? हिरवं होईचना."

आईने पिशवी उचलली. "मग मी नंतर येते," ती म्हणाली. "मुलीला घेऊन."

पायऱ्या उतरताना तिने माझा खांदा धरला होता. प्रत्येक पायरीला ती श्वास रोखत होती, हे मला खांद्यावर कळत होतं. घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. दोघींनीही तो प्यायला.

*

राईतला दगड शोधायला सरकारने मोजणी खात्याचं पथक पाठवलं होतं. प्रमुख होत्या कामत मॅडम. मी भूचुंबकत्वात काम करते, त्यामुळे आमची ओळख होती. हद्दीचा प्रत्येक दगड ठरलेल्या पद्धतीने रोवतात: वर कोरलेला चिरा, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत पोलादी गज. चिरा कोणी पळवला तरी गज राहतो. कामत मॅडमनी राईवरून गज शोधणारी ड्रोन फिरवली. एकही गज सापडला नाही. त्यांनी मला फोन केला, कारण बातमी मी दुसरीकडून ऐकावी असं त्यांना वाटत नव्हतं.

"नाहीये गं," त्या म्हणाल्या. "आम्ही ‘आढळला नाही’ असं लिहिणार. सुनावणी पुढच्या सोमवारी आहे."

मी ते आईला सांगितलं. ती पाय शेकत बसली होती.

"कुठली राई म्हणालीस? खांबोळ्याची? मी गेलेय तिथे." तिने पिशवी गुडघ्यावर सरकवली. "रवळूची कपिला आत जाऊन व्याली होती. वासरू अडलं होतं, आणि हा बाबा मला पायरीवरच अडवतो. चिमटा बाहेर ठेवा, कात्री बाहेर ठेवा, सुईसुद्धा बाहेर ठेवा! म्हटलं, अरे, मी नाळ काय दातांनी तोडू?"

"मग काय केलंस?"

"काय करणार? काथ्याने ओढलं वासरू. नाळ शिंपल्याने कापली. जगलं ते."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय गो? तोंड मिट."

"आई, ते मोजणीवाले. त्यांनाही पायरीवर अडवलं असणार."

"अडवणारच. तेव्हा रवळूचा बाप होता. तो तर त्याच्याहून खट."

"मग गज आत जाईल कसा?"

ड्रोन गज शोधत होतं. गज नव्हता, कारण गज कधी आत गेलाच नव्हता. पथकाने मान राखून नुसता चिरा रोवला होता. म्हणजे शोधायचा होता जांभ्याचा एक दगड, जांभ्याच्या डोंगरात.

इथे मला हसू आलं, आणि ते का आलं ते सांगायला हवं. जांभा लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. ज्या राईत अंबाड्याचा आकडाही नेऊ देत नाहीत, तिची जमीनच लोखंडाने भरलेली आहे. आणि त्यातच वाट होती. जांभा तयार होताना त्यातले लोहाचे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरतात आणि ती लाखो वर्षं सोडत नाहीत. एका डोंगराचा कातळ त्यामुळे एकाच दिशेला बोट दाखवतो. पण चिरा खाणीतून काढला, गाडीवर घातला आणि दुसरीकडे रोवला, तर तो आपली जुनी दिशा बरोबर घेऊन येतो. आजूबाजूचा सगळा कातळ एकीकडे आणि तो भलतीकडेच. दिसायला तसाच, शेवाळ तेच, फक्त दिशा वेगळी.

ही दिशा ओळखायला फार नाजूक संवेदक लागतो. आमच्या प्रयोगशाळेत तो आहे. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या एका अणूऐवजी नायट्रोजन बसवतात आणि त्याच्या शेजारची एक जागा रिकामी ठेवतात. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की लाल प्रकाश परत येतो, आणि आसपास किती चुंबकत्व आहे त्याप्रमाणे तो लाल प्रकाश मंद किंवा ठळक होतो. या संवेदकाजवळ लोखंड चालत नाही. टाचणीदेखील नाही. माझी आणि गुरवाची अट एकच होती.

मी कामत मॅडमना फोन केला.

"तू स्वतः अर्जदार आहेस, मिहिका. तुझ्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?"

"आकडे माझ्याकडे येऊच देऊ नका. डब्यातून थेट न्यायालयाकडे जाऊ दे. मी फक्त बांबू धरीन."

"फक्त बांबू?"

"फक्त बांबू."

"मीच येऊन धरला असता," त्या म्हणाल्या, "पण माझ्या मनगटात सळई आहे. सत्याहत्तर टाक्यांची गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी. जा तू."

आईने यायचा हट्ट धरला. "गुडघा बदलला की माझ्यात धातू बसणार. मग तो रवळू मला आत सोडायचा नाही."

"टायटॅनियम असतं ते. लोखंड नाही."

"ते तू देवाला समजावत बस."

*

राईत उजेड कमी होता. चष्म्याशिवाय मला झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. आई माझ्या दंडाला धरून, पानांवर पाय चाचपत चालत होती. आमच्या मागून काचेचा धागा आणि तार उलगडत येत होती. डबा पायरीवर. डब्यावर आकडा उमटला की रवळूकाकांनी तो ओरडून सांगायचा, असं ठरलं होतं.

दोनशे तेराचा दगड राईबाहेर शाबूत आहे. त्यापासूनचं अंतर माहीत, पण दिशा नोंदीत पूर्ण अंशातच दिलेली, त्यामुळे आमचा दगड साडेपाच मीटर लांबीच्या एका पट्ट्यात कुठेही असू शकत होता. त्या पट्ट्यातला कातळ मुळांनी फोडला होता. तुकडे मात्र जागच्या जागी होते, कोड्याच्या ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसलेले. सगळ्यांवर सारखंच शेवाळ. मी ते मोजले. त्रेसष्ट. पहिल्यापाशी मी बांबू टेकवला.

"चार!" बाहेरून आवाज आला.

म्हणजे कातळाच्या दिशेपासून चार अंश. पुढचा.

"सात!"

"दोन!"

"परत चार! गो, ह्यो आकडो वाढाक व्हयो काय कमी?"

"वाढायला हवा, काका!"

"सहा!"

आई एका मुळावर बसली. कितीतरी वेळ आम्ही तशाच पुढे सरकत राहिलो. मी बांबू टेकवायची, काका ओरडायचे, आई बोटांच्या पेरांवर दगड मोजायची. पाच. तीन. आठ. चार. पन्नासावा दगड झाला तेव्हा काकांच्या आवाजातला उत्साह गेला होता. ते बाजारभाव सांगितल्यासारखे आकडे सांगत होते.

"किती राहिले?" आईने विचारलं.

"तेरा."

ती माझ्याकडे वाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक सांगू? नाहीच सापडला, तर एक ठेवून दे."

"काय?"

"चिरा. आपल्या विहिरीच्या काठाला निखळलेला आहे बघ एक. उद्या मी ओढणीखाली घालून आणते. रवळूला मी बघते."

माझा बांबू हातात तसाच राहिला. ही बाई सरकारी नोकरीत असताना म्हशीच्या विम्याच्या दाखल्यावर खोटी तारीख टाकायला नाही म्हणाली, म्हणून तिची दोनदा बदली झाली होती.

"तुला तर काहीच फरक पडत नव्हता," मी म्हटलं. "गाय चाटायला लागली की झालं."

"गाईला कोणी खिडकीवर नातं विचारत नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी गेल्यावर तुला कोणी विचारलं, या तुझ्या कोण, तर तू काय सांगणार? मी कोणाची सोबतची व्यक्ती होते?"

मी तिच्याजवळ खाली बसले. मला जे नक्की माहीत होतं ते सांगितलं.

"ठेवलेला कळतो, आई. दगडाची जुनी दिशा कायम राहते, पण त्याच्यातले काही कण नरम असतात. दगड नव्या जागी ठेवला की ते कण तिथल्या उत्तरेकडे वळायला लागतात. किती वळले यावरून दगड तिथे किती वर्षं आहे ते काढता येतं. विहिरीचा चिरा उद्या ठेवला, तर तो अजून विहिरीकडेच बघत असेल."

"किती दिवसांत वळतात?"

"सुरुवातीला भराभर. मग हळू, मग आणखी हळू. पहिल्या वर्षात जेवढे वळतात, तेवढेच पुन्हा वळायला पुढची कितीतरी वर्षं लागतात."

"आणि सगळा दगड कधी वळतो?"

"सगळा कधीच नाही."

आई त्रेसष्ट दगडांच्या त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"तू आलीस तेव्हा दाराकडे तोंड करून झोपायचीस," ती म्हणाली. "मी तुला उचलून या कुशीवर करायची. झोपेतच परत वळायचीस. किती महिने! मला वाटायचं, हिला जायचंय. एकदा मी बाळंतपणाला गेले होते, म्हशीच्या, माझ्या नव्हे, हसू नको. पहाटे आले तर तू भिंतीकडे तोंड करून झोपलेलीस. माझ्या जागेकडे. मी तिथे नव्हतेच, तरी."

"मग?"

"मग काय? मी आडवी झाले. तुझा पाय माझ्या पोटावर होता. हलले नाही मी सकाळपर्यंत."

"ओ!" पायरीवरून हाक आली. "थंय निजलात काय? डबो गप असा!"

मी उठले. एकावन्नावा दगड.

"पाच!"

"तीन!"

"सहा!"

आईही उठली होती. तिने बांबूला खालून हात लावला. वजन तसं काही नव्हतं. चौपन्न, पंचावन्न, छप्पन्न. सत्तावन्नावा दगड एका मुळाखाली अर्धा गेला होता, इतरांइतकाच हिरवा, इतरांइतकाच ओबडधोबड. आम्ही हिरा त्याच्यावर टेकवला.

बाहेरून काहीच आवाज आला नाही.

"काका?"

"थांब गो. डबो बिघडलो वाटता."

"किती दाखवतोय?"

"एकशे सदतीस!"

"परत वाचा!"

"एक. तीन. सात. एकशे सदतीस! माका वाचूक येता!"

आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हिरा दगडावरून घसरला. मी तो पुन्हा टेकवला. एकशे सदतीस. मी शेवाळ बोटाने हळूच बाजूला केलं. आकडा वगैरे कोरलेला नव्हता. नंबर दगड रोवल्यावर कोरतात, आणि कोरायला छिन्नी लागते.

पुढचं काम सावकाश करायचं होतं. दगडाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं घालून त्यातून क्षीण, उलटसुलट प्रवाह सोडला की नरम कणांची दिशा पुसली जाते आणि ते किती होते ते कळतं. ते एकदाच करता येतं. मी केलं. मग बांबूला लेझरचा झोत परत फिरवणारा काचेचा लोलक बांधून आईने तो दगडावर सरळ धरला, आणि दोनशे तेराच्या दगडावर लावून ठेवलेल्या लेझरने झाडांमधून अंतर मोजलं. मोजणी चालू असताना बांबू हलता कामा नये. आई एका पायावर भार टाकून उभी होती. हलली नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा रवळूकाका डब्यापासून चार हात लांब बसले होते, तो चावेल की काय अशा बेताने. आईने पायरीवरचे आकडे एकेक उचलून तोंडात धरले आणि अंबाडा घालायला लागली. मी चष्मा लावला. डब्याने न्यायालयाला पाठवलेली नोंद पडद्यावर होती.

"काय म्हणता?" काकांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

चिरा क्रमांक सत्तावन्न. भोवतालच्या कातळाच्या दिशेशी कोन एकशे सदतीस अंश. इथल्या उत्तरेकडे वळलेला भाग, एकूण चुंबकत्वाच्या चार टक्के. या जागी असल्याचा काळ चोवीस वर्षं, तीन वर्षं अधिक किंवा उणी. दोनशे तेरापासून छापील अंतर ३१८.४२० मीटर. मोजलेलं अंतर ३१८.४०१ मीटर. फरक एकोणीस मिलिमीटर; मर्यादा पन्नास.